बाबांचे अकरा खोके: प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४

बाबांना जाऊन पाच महिने झाले. आज पहिल्यांदा त्यांच्या खोलीतलं कपाट पूर्ण रिकामं केलं. दुपारपर्यंत नुसती मोजदाद चालली होती. अकरा खोके, एक पत्र्याची ट्रंक, जुन्या चादरीत गुंडाळलेला स्लाइड प्रोजेक्टर. ढोबळ यादी: स्लाइडचे नऊ गोल ट्रे, निरीक्षणांच्या ३१ वह्या, पत्रांचे गठ्ठे, १४ ऑडिओ कॅसेट, सहा पासपोर्ट, विमानाच्या तिकिटांची जाड पाकिटं. शिवाय उपयोग न कळलेल्या काही वस्तू. त्यात मोजमापाच्या दोन फिती आहेत आणि कपाटामागे उभी करून ठेवलेली एक लांब लाकडी पट्टी.

दादाशी फोनवर जे ठरलं ते इथे लिहून ठेवते. सगळ्याची डिजिटल प्रत करायची आणि त्यातून घरच्यांपुरतं एक पुस्तक काढायचं, शंभरेक पानांचं. मजकुराचा पहिला खर्डा दादाचा, कागद आणि फोटो माझे, स्कॅनिंगला माझी लेक. सप्टेंबर अखेर आईला ऐंशी पूर्ण होतील. तोवर पुस्तक तिच्या हातात पडावं असं आम्हा दोघांनाही वाटतं.

आई दारात उभी राहून बघत होती. तिने एकच अट घातली. "त्यांना मोठं करून ठेवू नका. होते तेवढेच ठेवा." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

१४ जानेवारी

लेकीने विचारलं, आजोबा नक्की काय करायचे? "शास्त्रज्ञ होते" एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. पुस्तक वाचणाऱ्या पुढच्या पोरांचंही होणार नाही. म्हणून आज स्कॅनिंग बाजूला ठेवून हे पान लिहून काढलं.

बाबा वातावरणातला ओझोन मोजायचे. नेमकं सांगायचं तर ओझोन मोजणारी यंत्रं तपासायचे. यंत्राचं नाव डॉबसन स्पेक्ट्रोफोटोमीटर. ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉबसन यांनी १९२०च्या दशकात ते घडवलं. साधारण दीड मीटर लांब पेटी, वर सूर्यप्रकाश आत घ्यायची सोय. सूर्याच्या अतिनील किरणांतल्या काही तरंगलांबी ओझोन जास्त शोषतो, काही कमी. यंत्र अशी एक जोडी निवडतं आणि दोन्हींचा प्रकाश आळीपाळीने एकाच संवेदकावर पाडतं. जो जास्त प्रखर असेल त्याच्या वाटेत हळूहळू गडद होत जाणारी पाचर सरकवत न्यायची, दोन्ही सारखे होईपर्यंत. पाचर कुठे थांबली ते तबकडीवर वाचायचं. त्या आकड्यावरून डोक्यावरच्या हवेत एकूण ओझोन किती ते निघतं.

आम्ही लहान असताना बाबांनी हे वेगळ्या तऱ्हेने सांगितलं होतं. वहीच्या कोपऱ्यात पट्टी ठेवून पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, मध्ये तीन मिलिमीटर अंतर. जमिनीपासून थेट वरपर्यंतचा सगळा ओझोन गोळा केला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला, शून्य अंश तापमानाला पसरला, तर थर एवढाच जाड होईल, असं म्हणाले. त्यालाच ३०० डॉबसन एकक म्हणतात. एक एकक म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. त्या दोन रेघांमधून मी कितीतरी वेळ डोळा लावून बघितलं होतं. आज लेकीनेही बघितलं.

अशी शंभराहून जास्त यंत्रं जगभर पसरली. प्रत्येकाची काच वेगळी, वय वेगळं, सांभाळणारा माणूस वेगळा. आकडे एकमेकांशी जुळावेत म्हणून काही वर्षांनी ती एका ठिकाणी आणतात, एकाच आकाशाखाली शेजारी शेजारी मांडतात आणि संदर्भ यंत्राशी ताडून बघतात. जागतिक संदर्भ यंत्र क्रमांक ८३ अमेरिकेत बोल्डरला असतं. त्याची स्वतःची तपासणी मौना लोआला होते, हवाई बेटांवरच्या ज्वालामुखीवर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, कारण तिथली हवा स्वच्छ आणि स्थिर. बाबांचा प्रवास सगळा या यंत्रांच्या मागे झाला. स्वित्झर्लंडमधलं अरोसा, जर्मनीतलं होहेनपायसेनबर्ग, जपानमधलं त्सुकुबा, दक्षिण आफ्रिकेतलं इरीन, मेलबर्न, ब्वेनोस आयरेस. अरोसाचं नाव घरात सगळ्यात जास्त वेळा निघायचं, कारण तिथे १९२६ साली ओझोनच्या नोंदी सुरू झाल्या आणि एवढी जुनी मालिका जगात दुसरी नाही.

लेकीने वाचून खाली लिहिलं, "म्हणजे आजोबा मोजपट्ट्या मोजायचे." पुस्तकात हे वाक्य तसंच जाणार.

२१ जानेवारी

चाचणी म्हणून ४० स्लाइड स्कॅन केल्या. ४,००० डीपीआय, मूळ प्रत टिफ, रोजच्या वापराला जेपेग. पुसायला कापड नाही, फक्त रबरी फुंकणी.

बाबांच्या बहुतेक स्लाइड कोडॅक्रोम फिल्मवरच्या आहेत. अंधारात राहिल्या तर त्यांचे रंग फार टिकतात, आणि टिकले आहेत. मौना लोआचा काळा लाव्हा आणि त्यावरची पांढरी इमारत काल काढल्यासारखी दिसते. दुसऱ्या जातीच्या फिल्मवरचे त्याच काळातले फोटो गुलाबी पडलेत. एक अडचण आली. धूळ आपोआप काढण्याची स्कॅनरची सोय इन्फ्रारेडवर चालते आणि कोडॅक्रोमचे थर इन्फ्रारेडही अडवतात. त्यामुळे धूळ समजून बाबांच्या चष्म्याची काडीच पुसली गेली. सोय बंद करून सगळ्या ४० पुन्हा केल्या. हाताने सफाई करायला एका स्लाइडला सहा-सात मिनिटं लागतात.

काम सोपं व्हावं म्हणून ट्रे १ ते ४ रिकामे केले आणि स्लाइड विषयवार लावल्या: यंत्रं, माणसं, डोंगर, घर.

४ फेब्रुवारी

मोठी चूक झाली आहे. दादाला स्कॅन पाठवले होते. त्याचा फोन आला. "तिसऱ्या ट्रेमध्ये बर्फातल्या रेल्वेनंतर आपल्या घराचा फोटो असायचा बघ. तो कुठे गेला?" तो विषयवार लावताना "घर" या गठ्ठ्यात गेला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी ट्रे तारखेने लावले नव्हते, गावानेही नाही. ते सांगायचे त्या क्रमाने लावले होते. कुठल्या डोंगरानंतर कुठला चेहरा येतो, मध्येच घर का येतं, हे त्यांनी ठरवलेलं होतं आणि मी ते एका दुपारी मोडून टाकलं.

जुने कागद सांभाळणाऱ्या कुणालाही विचारलं तर तो पहिली गोष्ट हीच सांगेल: मूळ क्रमाला हात लावायचा नाही. मी वाचलं होतं. तरी केलं. स्लाइडच्या चौकटींवर नंबर नाहीत. घराच्या गठ्ठ्यातली कुठली स्लाइड कुठून आली, आता सांगता येत नाही.

उरलेले पाच ट्रे बंद. आधी ट्रेच्या प्रत्येक खाचेला नंबर चिकटवायचा, ट्रेचा वरून फोटो काढायचा, मगच स्लाइड उचलायची. लेकीलाही तसं सांगितलं.

रात्री झोप लागली नाही.

१८ फेब्रुवारी

तारखांचा घोळ, पण हा सुटला.

कोडॅक्रोमच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना-वर्ष छापलेलं असतं. तीच फोटोची तारीख धरून मी फाइलींना नावं दिली होती. आई म्हणाली, "छे, फिल्म कुठे लगेच धुवायला टाकायचे ते! परत आल्यावर, कधी कधी तीन महिन्यांनी." बरोबर आहे, तो शिक्का फिल्म धुतल्याचा. म्हणजे खरी तारीख वह्यांतूनच काढायला हवी.

वह्यांत दुसरी अडचण. मौना लोआच्या वहीत एक वेध ७ जूनचा आहे आणि त्याच दिवशी घरी लिहिलेल्या पत्रावर ६ जून. तीन दिवस मी समजत होते की बाबांची तारीख चुकली. मग दुसऱ्या वहीत मुखपृष्ठाच्या आत लिहिलेलं सापडलं: "सर्व वेळा ग्रिनिचच्या." हवाई बेटं ग्रिनिचच्या दहा तास मागे आहेत, म्हणजे तिथे दुपारचे दोन वाजले की ग्रिनिचला पुढची तारीख लागते. वही ग्रिनिचच्या घड्याळाने आणि पत्र तिथल्या घड्याळाने, संध्याकाळी लिहिलेलं. दोन्ही तारखा खऱ्या.

आता तक्त्यात दोन रकाने केले आहेत, ग्रिनिचची तारीख आणि तिथली तारीख.

वह्यांचं पानही इथे नोंदवते, कारण मला ते फार आवडलं. उभे रकाने: वेळ, तापमान, तबकडीचा आकडा, सूर्यकिरणांच्या तिरपेपणाचा गुणक, आकाश, आणि शेवटी "शेरा". शेऱ्यात बहुतेक ठिकाणी ढग, वारा, दिवा बदलला, असलं काही. पण मध्येच, त्याच बारीक अक्षरात: "घरी फोन लागला." "पत्र नाही." "धाकटीला ताप, आता बरी." ती धाकटी मी. एका पानावर सलग चार दिवस शेरा "ढग" आणि पाचव्या दिवशी "ढग. मुलांना चित्रं काढून पाठवली." ती चित्रं दादाकडे अजून आहेत. माकडासारखा दिसणारा एक शास्त्रज्ञ छत्री धरून यंत्राशेजारी बसला आहे.

२५ फेब्रुवारी

बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दादाकडे. फॅक्सचे गुळगुळीत कागद आणि थर्मल पेपरवरचे बोर्डिंग पास फिके पडत चाललेत. ते आधी स्कॅन.

१० मार्च

पत्रं. बाबांची आईला आलेली २१४, बहुतेक निळी एरोग्राम, आईने वर्षवार बांधून ठेवलेली. आईची बाबांना गेलेली पत्रं कुठेच दिसेनात. एवढी फिरती, सामान कमी ठेवायची सवय, त्यामुळे टाकून दिली असतील असं मी धरून चालले होते. आज यंत्रांच्या माहितीपुस्तिकांच्या खोक्यात तळाशी एक फाइल निघाली. वर लिहिलेलं "तपासणी - ४". आत आईची पत्रं, सगळी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दोन तारखा, लिहिल्याची आणि मिळाल्याची, आणि मधल्या दिवसांची संख्या. ९. ११. ७. २३. तेवीसच्या खाली रेघ.

आईला दाखवली. तिने फाइल मांडीवर घेतली आणि बराच वेळ उघडलीच नाही. मग म्हणाली, "ही नाही स्कॅन करायची."

मला पटवून द्यावंसं वाटलं. पुस्तकात एका बाजूचीच पत्रं गेली तर चित्र अर्धं राहील. ती घर, दोन मुलं, सासू-सासरे आणि स्वतःची नोकरी सांभाळत होती. ते सगळं या फाइलीत आहे. पण पत्रं तिची आहेत. फाइल तिच्या कपाटात गेली. तक्त्यात नोंद: "आईची पत्रं, १८८, आईकडे. वाचायची नाहीत." दादालाही कळवलं.

१४ एप्रिल

आज जे सापडलं त्याने महिनाभराचा शीण गेला.

कॅसेट क्रमांक ५. वर काहीच लिहिलेलं नाही. आतला स्पंजचा तुकडा निसटलेला, म्हणून आवाज बुडतोय असं वाटत होतं. लेकीने दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधला काढून बसवला. चोवीस बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. पहिली दोन मिनिटं खुर्च्या सरकवल्याचे आवाज, मग प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर. मग क्लिक. मग बाबा: "हे विमानतळावरून निघताना."

घरातल्या एका संध्याकाळच्या स्लाइड शोचं ध्वनिमुद्रण आहे ते. कुणी लावून ठेवलं होतं माहीत नाही, बहुधा दादाने, नवा रेकॉर्डर मिळाला होता तेव्हा. दर स्लाइडला क्लिक आणि मागोमाग बाबांचं वाक्य. मी कागद घेऊन बसले. ७७ क्लिक. आठव्या क्लिकवर बर्फातली रेल्वे आली तेव्हा कळलं, हा तिसरा ट्रे.

आवाज तसाच, फक्त घाई जास्त. तेव्हा ते चाळिशीचेही नव्हते. मध्ये मध्ये आई दुरुस्त करते. "ते झ्युरिक नाही, बर्न. पत्रात बर्न लिहिलं होतंत तुम्ही." ते लगेच, "हो, बर्न." क्लिक. नवव्या स्लाइडला ते म्हणतात, "हे घर." पुढे काहीच नाही. पंख्याची घरघर ऐकू येत राहते, मी मोजली, अकरा सेकंद. मग दादाचा बारीक आवाज: "हा फोटो मध्येच कशाला?" आणि बाबा: "मध्येच असतं ते." क्लिक.

पूर्ण ट्रे त्या क्रमाने परत लावला. तीन खाचा रिकाम्या राहिल्या, ट्रे ८० चा आहे. ३१ आणि ५२ क्रमांकाच्या स्लाइडबद्दल खात्री नाही, दोन्ही ठिकाणी बाबा नुसतं "अजून एक" म्हणतात. ट्रे १, २ आणि ४ ची कॅसेट नाही. त्यांचा क्रम गेला तो गेला. पुस्तकात हे स्पष्ट लिहायचं, माझ्या नावानिशी.

संध्याकाळी आईला हेडफोन लावून ऐकवलं. तिने बर्नच्या जागी मान हलवली.

५ मे

बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांशी तासभर बोलणं झालं. तेही आता ऐंशीच्या पुढचे. मी यंत्रं, परिषदा असलं विचारत होते. त्यांनी स्वतःहून एक प्रसंग सांगितला.

यंत्र तपासताना प्रमाण दिव्यांसमोर ठेवून बघतात आणि फरक निघाला तर आकड्यांत दुरुस्ती घालतात. एका केंद्राच्या यंत्राची दुरुस्ती बाबांनी काढली होती, आणि अधिकच्या जागी उणे झालं होतं. दोन वर्षांनी त्यांच्याच लक्षात आलं. दुसऱ्या कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. "तुमच्या वडिलांनी पंधरा दिवस बसून सगळे आकडे पुन्हा काढले आणि ज्यांनी ज्यांनी ते वापरले होते त्या सगळ्यांना पत्र टाकलं. आम्ही म्हटलं, नुसतं पुढच्या वेळी बरोबर करा की. तर म्हणाले, मागचेही कुणीतरी वाचणारच."

नंतर खोका ६ मध्ये त्या पत्राची कार्बन प्रत मिळाली. चार ओळी. पहिली ओळ: "चूक माझी आहे."

ध्रुवांपासून दूर, मध्य अक्षांशांवर ओझोन घटत होता तो दशकाला काही टक्क्यांनीच. यंत्रच टक्का-दोन टक्के चुकलं तर खरी घट त्यात बुडून जाते, किंवा नसलेली घट दिसते. हे माहीत असल्याशिवाय त्या पंधरा दिवसांचं मोल कळत नाही, म्हणून पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी घेतलं.

२६ मे

१९८५ चं प्रकरण लिहून झालं. दादाचा खर्डा होता, मी दोनदा बदलला, कारण त्यात बाबा नकळत मधोमध येऊन उभे राहिले होते. आईची अट आठवली.

जे झालं ते असं. तेव्हा फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या सीएफसी वायूंमुळे ओझोन नष्ट होऊ शकतो, हे मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली मांडलं. मे १९८५ मध्ये जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा लेख आला. अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात १९५७ पासून डॉबसन यंत्राने नोंदी होत होत्या. तिथला ऑक्टोबरचा ओझोन आधी ३०० एककांच्या आसपास असायचा, तो १९८४ पर्यंत २०० च्या आसपास उतरला होता. म्हणजे बाबांच्या दोन रेघांमधलं अंतर तीन मिलिमीटरवरून दोनवर. १६ सप्टेंबर १९८७ ला असे वायू कमी करण्याचा माँट्रियल करार झाला. १ जानेवारी १९८९ पासून तो लागू झाला आणि पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला. १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन यांना मिळालं.

एका गोष्टीवर बाबा नेहमी अडून बसायचे. उपग्रहाला हे दिसलंच नाही, संगणकाने आकडे फेकून दिले, असं लोक सांगतात. ते म्हणायचे, तसं नाही. इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून खूण होऊन बाजूला पडले होते आणि तिथली माणसं ते तपासतच होती. कुणाला मूर्ख ठरवून गोष्ट रंगवायची, हे त्यांना खपत नसे. पाहुण्यांसमोरही टोकायचे.

यात बाबा कुठे? आईच्या आठवणीप्रमाणे तो लेख आला तेव्हा ते घरी होते, आणि पुढचे कित्येक दिवस स्वतःच्या जुन्या वह्या काढून बसले होते. शेऱ्याच्या रकान्यात त्या काळात नव्या शाईने बारीक टिक केलेल्या दिसतात. दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी परत तपासल्या. पुस्तकात एवढंच जाईल.

२३ जून

लाकडी पट्टी कसली ते कळलं.

दादा सुट्टीवर आला आहे. त्याने ती भिंतीला टेकवली आणि बोट ठेवलं: "ही मी. ही तू." आमच्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीची पट्टी. प्रवासावरून परतल्यावर बाबा पहिल्या दिवशी आम्हाला चौकटीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचे आणि खूण करायचे. शेजारी तारीख. घर सोडताना त्यांनी सुताराला बोलावून ती पट्टी काढून घेतली आणि तिथे नवी बसवून दिली, असं आईने सांगितलं.

खाली वाकून भिंगाने वाचलं. १९८३ च्या माझ्या खुणेजवळ पेन्सिलीने: "नवी फीत. जुनीपेक्षा ४ मि.मी. कमी दाखवते. आधीच्या खुणा तशाच." दोन फिती का ठेवल्या होत्या त्याचाही उलगडा झाला. आम्ही दोन्ही ताणून शेजारी धरल्या. मीटरभरावर फरक आहेच. जुन्या फितीचं टोकाचं पत्र्याचं आकडं वाकलेलं आहे.

खुणांमधली अंतरं सारखी नाहीत. एका वर्षी तीन खुणा, मग वीस महिने एकही नाही. दादा त्या मोकळ्या जागेवर अंगठा फिरवत होता.

१४ जुलै

दादाने वह्या आणि पासपोर्ट धरून हिशेब काढला. १९७८ ते १९९० या काळात बाबा १,३१२ दिवस घराबाहेर होते, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. त्याने एक पानभर मजकूर लिहिला आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी तो आजारी पडला तेव्हाचा. आईने रात्री एकटीने त्याला दवाखान्यात नेलं. बाबांना चार दिवसांनी कळलं आणि नवव्या दिवशी ते पोचले. शेवटचं वाक्य: "मला आजही त्या नऊ दिवसांचा राग आहे."

वाचून मी लगेच त्याला म्हटलं की ते आल्यावर महिनाभर कुठेही गेले नाहीत, तुला रोज वाचून दाखवायचे, हेही लिही. आमचं वाजलं. आईने दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन्ही लिहा. राग मलाही होता. मी त्यांना तो पत्रात कळवला होता."

दोन्ही लिहिलं, आधी दादाचं.

११ ऑगस्ट

मांडणी पूर्ण. ११२ पानं. फोटो ६४. रंग छापून बघितले, मौना लोआचं आकाश जरा जास्त जांभळं येत होतं, ते कमी केलं.

शेवटच्या महिन्यांचं पान लेकीने लिहिलं, कारण तेव्हा बाबांच्या खोलीत सगळ्यात जास्त तीच असायची. जानेवारी २०२३ मध्ये ओझोनच्या स्थितीचा नवा आंतरराष्ट्रीय अहवाल जाहीर झाला. करार असाच पाळला गेला तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमाराला १९८० च्या पातळीवर येईल, आर्क्टिकवरचा २०४५ च्या, बाकी जगावरचा २०४० च्या. बाबांनी तिला ते मोठ्याने वाचायला लावलं. मग विचारलं, "२०६६ ला तू किती वर्षांची?" तिने सांगितलं, ५५. तिने लिहिलंय: "आजोबा म्हणाले, मग तू आकडा बघून ठेव."

८ सप्टेंबर

कच्ची प्रत आईला दिली. पाच दिवस तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. १४ दुरुस्त्या निघाल्या. काही मोजक्या: पान १९ वरचा कोट तिने विणलेला नाही, विकतचा आहे. पान ४० वर त्सुकुबाच्या फोटोत बाबांशेजारी उभा माणूस दुसराच आहे. पान ६२ वर आपण लिहिलंय की बाबा कधी चिडत नसत. ते खोडून: "चिडत. कमी वेळा."

सगळ्या घेतल्या.

२९ सप्टेंबर

पुस्तकं आली, २५ प्रती. वीस कुणाकुणाला द्यायच्या त्याची यादी आईनेच केली आहे. जुन्या सहकाऱ्यांची प्रत आज रवाना.

पट्टी दादाने जायच्या आधी या घराच्या दाराला ठोकून दिली होती. आज लेकीला तिला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर बाबांचंच पुस्तक आडवं धरलं, पेन्सिल आईने धरली. फीत नवी घेतली, १९८३ ची, कारण जुनीचा आकडा वाकलेला. आईने तारीख घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चार मिलिमीटर मिळवायचे ना?" मी हो म्हटलं. तिने खुणेशेजारी तेही लिहिलं.

बाकी काम: कॅसेट ९ ते १४ ऐकायच्या आहेत. त्यांतल्या एखादीत प्रोजेक्टरचा आवाज निघाला तर ट्रे १, २, ४ पुन्हा लावून बघायचे.